हडपसरची लढाई आणि नाकारलेला वाटा

शहाड आणि आंबिवली यांच्या मधल्या रेल्वेपुलाखालून उल्हास नदी जाते. कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तिची खाडी होते आणि पुढे घोडबंदरच्या बाजूने वळून ती वसईला समुद्रात उतरते. शहाडला उपसलेले तिचे पाणी स्टेम प्राधिकरणाच्या जलवाहिन्यांतून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. वसईची खाडी आपल्याला परकी नाही, ती आपल्याच नदीचे शेवटचे टोक आहे. त्या टोकाला ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशवा दुसरा बाजीराव याने इंग्रजांच्या तहावर शिक्कामोर्तब केले. कमीत कमी सहा हजार इंग्रजी पायदळ कायमचे राज्यात ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या कोणत्याही युरोपियनाला चाकरीत घ्यायचे नाही, आणि दुसऱ्या दरबाराशी बोलणी करायची ती इंग्रजांच्या संमतीने. मराठी राज्याचे स्वतंत्रपण त्या कागदावर संपले. पुढची सोळा वर्षे फक्त ते उघड व्हायला लागली.

वसईचा तह आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. ‘तैनाती फौज’ हा मथळा आणि वेलस्ली हे नाव पाठ झालेले असते. पण या तहाच्या सदुसष्ट दिवस आधी पुण्याच्या वेशीवर एक मोठी लढाई झाली, आणि ती झाली नसती तर बाजीराव वसईला गेलाच नसता. त्या लढाईबद्दल विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. पानिपत सांगा म्हटले तर आजीपासून नातवापर्यंत सगळे बोलू लागतात. हडपसर म्हटले की गप्प. हे गप्प राहणे मला फार अस्वस्थ करते, कारण आपल्या समाजाचा एक जुना दोष त्याच्यात दडून बसलेला आहे.

२५ ऑक्टोबर १८०२. दिवाळीचे दिवस. पुण्याच्या पूर्वेला हडपसर, वानवडी, घोरपडी या गावांच्या माळावर एका बाजूला यशवंतराव होळकर उभे होते. समोर पेशव्यांची फौज आणि तिच्या मदतीला दौलतराव शिंद्यांचे सैन्य, सदाशिवभाऊ बक्षी यांच्या हाताखाली. शिपाई कुठकुठचे होते, पण झेंडे दोन्हीकडे मराठी राज्याचेच होते. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर कॅप्टन डॉस हा गोरा अधिकारी होता, तर होळकरांच्या पलटणींवर विकर्स आणि हार्डिंग. डॉस आणि हार्डिंग दोघेही त्या दिवशी मेले. आपसातले भांडण लढायलाही आपण दोन्हीकडून बाहेरची माणसे पगार देऊन आणली होती. सुरुवातीला होळकरांची बाजू मागे हटली. मग यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन तोफांवर तुटून पडले, जखमी झाले आणि लढाई जिंकले. निकाल दिसू लागताच बाजीराव सिंहगडाकडे निघाला. तिथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, आणि शेवटी इंग्रजांच्या जहाजातून वसई. इंग्रजांचा वकील बॅरी क्लोज लढाईच्या वेळी पुण्यातच होता. त्याच्या निवासस्थानाला कोणी हात लावला नाही. जिंकलेले यशवंतराव त्याला मध्यस्थी करायला सांगत होते आणि हरलेला बाजीराव त्याच्याकडे फौज मागत होता.

दोघांनीही न्यायासाठी एकाच परक्या दाराकडे पाहिले, या गोष्टीपाशी मला थोडे थांबायचे आहे. असे का व्हावे? घरात न्याय मागायला जागा उरली नव्हती म्हणून. ती का उरली नव्हती, हे पाहायचे तर पाच वर्षे मागे जावे लागते.

तुकोजी होळकर १५ ऑगस्ट १७९७ रोजी वारले. त्यांना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव औरस मानलेले, विठोजी आणि यशवंतराव हे अनौरस. थोरले काशीराव अपंग होते आणि कारभाराला दुबळे मानले जात. मल्हारराव कर्तबगार होते आणि दोघे धाकटे भाऊ त्यांच्या बाजूला होते. शिंद्यांना दुबळा होळकर सोयीचा होता, म्हणून दौलतरावांनी काशीरावांची बाजू घेतली. महिनाभरातच, सप्टेंबर १७९७ मध्ये, पुण्याजवळ भांबुर्ड्याला मल्हाररावांच्या छावणीवर रात्रीचा हल्ला करून त्यांना मारण्यात आले. त्यांची बायको गरोदर होती. पुढे जन्मलेला मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कैदेत वाढू लागला. हे सगळे पेशव्यांच्या राजधानीच्या वेशीवर घडले आणि राजधानीने काहीही केले नाही.

यशवंतराव निसटून नागपूरला गेले. तिथे रघुजी भोसल्यांनी त्यांना आश्रय देण्याऐवजी कैद केले. विठोजींनी दक्षिणेत बंड मांडले, लुटालूट केली, आणि शेवटी बापू गोखल्यांनी त्यांना पकडून पुण्यात आणले. एप्रिल १८०१ मध्ये शनिवारवाड्यासमोर त्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत मारले, आणि पेशवे ते पाहत होते असे लिहून ठेवलेले आहे. विठोजींचा गुन्हा मोठा होता, हे मला नाकारायचे नाही. पण ज्या दरबाराने एका भावाच्या खुनाची चौकशीसुद्धा केली नाही, त्याच दरबाराने दुसऱ्या भावाला अशी शिक्षा द्यावी आणि तिसऱ्या भावाने त्याला न्याय समजावे, ही अपेक्षा कोणत्या शास्त्रात बसते?

तरीही यशवंतराव पुण्यावर चालून येताना अर्ज करतच होते. त्यांच्या मागण्या कागदोपत्री आहेत. पुतण्या खंडेरावाला सोडा, होळकरांचा मुलूख परत द्या, शिंद्यांना आवरा. आपण पेशव्यांचे चाकर आहोत, आमचे गाऱ्हाणे ऐका, असा त्या बोलण्याचा सूर होता. ऐकले गेले नाही. अनौरस मुलाचे ऐकायचे कशाला, ही भावना त्या नकारामागे होती आणि ती एकट्या बाजीरावाची नव्हती. ज्याला घराने अर्धा माणूस मानले त्याचे गाऱ्हाणेही अर्धेच भरते, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बाजीराव स्वतः कैदेत वाढला होता. बाप रघुनाथराव आणि आई आनंदीबाई यांच्या अपराधांपायी पोरवयापासून तो नजरकैदेत, नाशिकजवळ आनंदवल्लीला आणि नंतर शिवनेरीला होता. लहान मुलाला मोठ्यांच्या भांडणासाठी कोंडून ठेवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या सत्ताधाऱ्यांत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. खंडेरावाच्या सुटकेचा अर्ज नेमका त्याच्यासमोर आला आणि त्याने तो बाजूला सारला. त्या वेळी बाजीराव सत्तावीस वर्षांचा, यशवंतराव पंचवीसचे, दौलतराव तर पंचविशीही न गाठलेले. मराठी राज्य तीन तरुणांच्या हातात होते आणि तिघेही आपापल्या जखमेकडे पाहून निर्णय घेत होते. नाना फडणीस मार्च १८०० मध्ये गेले होते. त्यांनीही भांडणे दाबून ठेवली होती, सोडवली नव्हती. दाबलेले भांडण माणूस मरेपर्यंतच दबते.

यशवंतरावांना निर्दोष ठरवायचे माझ्या मनात नाही. लढाई जिंकल्यावर पुण्यातल्या सावकारांकडून आणि गृहस्थांकडून पैसा उकळण्यासाठी जे छळ झाले, ते त्यांच्याच फौजेने केले. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या घोड्यांनी देशावरची उभी पिके तुडवली, वैरण नेली, आणि त्यातच पावसाने दगा दिला. १८०३-०४ चा दुष्काळ असा अर्धा आकाशातून आणि अर्धा फौजांतून आला. उपाशी माणसे घाट उतरून कोकणात आणि मुंबईकडे आली. त्यांना कोण औरस आणि कोण अनौरस याच्याशी काय घेणे होते? त्यांच्या बाजूने हडपसरला कोणीही लढत नव्हते. इतिहास सांगताना आपण सरदारांची नावे मोजतो. घाटात पडलेल्या या माणसांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत, आणि लढाईचा खरा खर्च त्यांनीच दिला.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवले. त्याच वर्षी असईला आणि अडगावला शिंदे आणि भोसले हरले. होळकर बाजूला राहिले. मग १८०४ मध्ये होळकर एकटे लढले तेव्हा शिंदे-भोसले हरून बसलेले होते. तिघे मिळून एकदाही उभे राहिले नाहीत. १८१८ साली बाजीराव आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला गेला. या घटनांचा आपण लावलेला अर्थ ठरलेला आहे. फितुरी झाली, एकी नव्हती, म्हणून राज्य गेले. व्याख्यानमालेत, गणपतीच्या मंडपात, प्रचारसभेत हेच ऐकू येते. एकी करा.

मला हा उपदेश अपुरा वाटतो, आणि थोडा अन्यायाचाही. एकी करा हे नेहमी कोणाला सांगितले जाते, ते पाहा. ज्याचा वाटा गेला त्याला. ज्याने वाटा दाबला त्याला एकी हवीच असते, कारण एकी म्हणजे त्याच्या लेखी तक्रार बंद. १८०१ साली यशवंतरावांना कोणी एकीचा उपदेश केला असता तर त्याचा अर्थ काय झाला असता? भाऊ विसर, पुतण्या विसर, गप्प बस. असा उपदेश पाळणारा माणूस घरात राहतो, पण मनाने तो बाहेर गेलेला असतो, आणि परका दारात आला की कडी आतून कोणी काढली याचा शोध घ्यायला मग उशीर होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात या दोन गोष्टी एकाच श्वासात मांडल्या होत्या. देशाने आपले स्वातंत्र्य पूर्वी आपल्याच माणसांच्या दगाबाजीने गमावले, ही भीती त्यांनी बोलून दाखवली, आणि त्याच भाषणात सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच ठेवली तर लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही हेही बजावले. आपण पहिली गोष्ट उचलली, कारण ती दुसऱ्यांना सुनवायला बरी पडते. दुसरी आपल्याच घरात शिरते, म्हणून ती मागे राहिली.

हडपसर विसरण्याचे कारणही हेच आहे. पानिपतात समोर अब्दाली होता. पराभव झाला तरी शत्रू बाहेरचा होता, म्हणून दुःख सगळ्यांना मिळून करता आले. हडपसरात दुःख करायचे तर आधी चूक कबूल करावी लागते, आणि ती कबूल करायची कोणी? त्यापेक्षा विसरणे सोपे. अलीकडे तर विसरण्याहून वाईट काही सुरू आहे. फोनवर फिरणाऱ्या मजकुरांत ही लढाई पुन्हा लढली जाते. होळकर एका जातीचे, पेशवे दुसऱ्या जातीचे, शिंदे तिसऱ्या, आणि प्रत्येकाचा वंशज म्हणवणारा आपल्या माणसाला देव आणि समोरच्याला राक्षस ठरवतो. विठोजींचा छळ सांगणारा पुण्याच्या लुटीबद्दल बोलत नाही. लुटीबद्दल बोलणाऱ्याला भांबुर्ड्याचा खून आठवत नाही. दोनशे वर्षांपूर्वीची जखम औषधासाठी उघडली तर ठीक, पण ती मतांसाठी आणि टाळ्यांसाठी चिघळवली जाते, याचा मला संताप येतो. ना. सं. इनामदारांनी यशवंतरावांवर ‘झुंज’ लिहिली आणि दुसऱ्या बाजीरावावर ‘मंत्रावेगळा’ लिहिली. एकच लेखक दोन शत्रूंच्या अंतःकरणात जाऊन बसला. मराठी वाचकाला याहून मोठी शिकवण दुसरी कोणती हवी होती? पण एका पुस्तकाचा वाचक बहुधा दुसरे पुस्तक उघडत नाही. शहाड-कल्याणच्या वाचनालयांनी ही दोन पुस्तके एकत्र बांधून द्यावीत, असे मला मनापासून वाटते.

हा दोष एकट्या मराठी माणसाचा आहे असेही नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथे १८९९ च्या ऑक्टोबरात उदारमतवादी आणि सनातनी अशा दोन पक्षांत यादवी सुरू झाली. ती तीन वर्षे चालली आणि हजार दिवसांचे युद्ध म्हणून ओळखली जाते. तिच्यातली सर्वांत मोठी लढाई पालोनेग्रोची, ११ ते २६ मे १९००. डोंगराळ मुलखात पंधरा दिवस एकाच देशाचे, एकाच धर्माचे, एकच भाषा बोलणारे लोक एकमेकांना मारत होते. उदारमतवादी हरले. पण हरूनही त्यांनी छुपी लढाई सोडली नाही, कारण ज्या गोष्टीसाठी ते उठले होते, म्हणजे राज्यकारभारात वाटा आणि खऱ्या निवडणुका, त्या त्यांना लढाईनंतरही मिळाल्या नव्हत्या. देश रिकामा झाला. शेवटचा मोठा तह नोव्हेंबर १९०२ मध्ये झाला, तो पनामाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘विस्कॉन्सिन’ या युद्धनौकेवर. आणि पुरते वर्षही होण्याआधी, ३ नोव्हेंबर १९०३ रोजी, अमेरिकेच्या पाठिंब्याने पनामा कोलंबियातून तुटला. कालवा अमेरिकेला मिळाला. भावांचे भांडण तिसऱ्याच्या जहाजावर मिटले आणि तिसऱ्याने त्याची किंमत वसूल केली. वसईचा आमचा तह आणि तो तह यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे.

कोलंबियाने ती यादवी विसरली नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केस या लेखकाचे आजोबा त्या युद्धात उदारमतवाद्यांच्या बाजूने लढले होते. आजोबांच्या तोंडून ऐकलेले युद्ध नातवाने १९६७ च्या ‘शंभर वर्षांचा एकांत’ या कादंबरीत जगापुढे ठेवले. पण नुसत्या आठवणीने काय होते, तेही त्याच देशाने दाखवले. १९४८ नंतर तिथे पुन्हा त्याच दोन पक्षांत कत्तली झाल्या, आणि त्यातून निघालेल्या सशस्त्र टोळ्यांशी लढाई पन्नासहून अधिक वर्षे चालली. जमीन कोणाची हा प्रश्न सुटलेला नव्हता. २०१६ साली सरकार आणि बंडखोर यांच्यात शांततेचा करार झाला, तेव्हा त्याचा पहिलाच विषय शेतजमिनीचा होता. आणि करारानुसार एक सत्यशोधन आयोग नेमला गेला. सरकारी सैनिकांनी मारलेल्यांचे नातेवाईक आणि बंडखोरांनी मारलेल्यांचे नातेवाईक, दोघांच्याही साक्षी त्याने ऐकल्या आणि २०२२ मध्ये आपला अहवाल दिला. तिथे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणत नाही, अजून रक्त सांडतेच आहे. पण निदान त्यांनी एकी करा असे म्हणून फाईल बंद केली नाही. कोणाचे काय गेले ते मांडा, असे आधी म्हटले.

आपल्या ठाणे जिल्ह्याने हे सारे हडपसरच्याही आधी सोसले आहे. पुतण्याच्या खुनानंतर रघुनाथरावाला गादी हवी होती, म्हणून त्याने मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि साष्टी, वसई देऊ केली. ठाण्याचा किल्ला त्याच्या दोन महिने आधीच इंग्रजांनी घेतला होता. मे १७८० मध्ये कल्याण त्यांच्या हातात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वसई पडली, आणि लगोलग भिवंडीजवळच्या दुगाडला रामचंद्र गणेश कानडे लढता लढता पडले. शहाडपासून हे दुगाड किती लांब आहे? वज्रेश्वरीला जाणारे आपण सगळे त्या वाटेने जातो. घरातल्या एका चुलत्याने वाट्यासाठी परका आणला आणि त्याची किंमत कल्याण-भिवंडीच्या शेतकऱ्याने दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहात रघुनाथरावाला पेन्शन मिळाली. साष्टी मात्र परत आली नाही.

आता मी आजच्या शहाडकडे येतो, कारण मला हा लेख इतिहासाच्या आवडीसाठी लिहायचा नव्हता.

म्हारळ, वरप, कांबा, मोहने, आटाळी, वडवली. आपल्या आसपासची ही गावे वीस-तीस वर्षांत पार बदलली. भाताची खाचरे होती तिथे इमारती आल्या, मुरबाड रस्त्याच्या कडेच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. आणि जमीन महाग झाल्याबरोबर घरोघरी हडपसर उभे राहिले. सातबाऱ्यावर सहा नावे, सहाही जणांचे सहा वकील. कोर्टात दावा पडलेला, मोजणी अडलेली, बांधावर हाणामारी झालेली. अशा घरात एक दिवस बाहेरचा माणूस येतो. तो एका भावाला थोडे पैसे देतो, दुसऱ्याला कोर्टाची भीती घालतो, तिसऱ्याला फ्लॅटचे आमिष दाखवतो. शेवटी सहाही जण त्याच्याच कागदावर सही करतात, बाजारभावापेक्षा कितीतरी कमीत. मग गावात म्हणतात, भाऊ भांडले म्हणून बाहेरच्याचे फावले. खरे आहे. पण भाऊ का भांडले?

त्या घरात नीट पाहिले तर एक यशवंतराव सापडतो. दुसऱ्या लग्नाचा मुलगा, किंवा गिरणीत नोकरीला गेल्यामुळे गावाबाहेर राहिलेला भाऊ, किंवा विधवा भावजय आणि तिची लहान पोरे. आणि जवळपास प्रत्येक घरात एक बहीण. बहिणीला वाटा द्यायचा नाही, हे आपल्याकडे इतके गृहीत आहे की त्याला कोणी अन्याय म्हणतच नाही. भाऊबीजेला साडी घेतेस, ओवाळणी घेतेस, मग आता जमीन मागून माहेर तोडणार का, असे तिला विचारले जाते. म्हणजे तिच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या जातात, वाटा सोडायचा किंवा माहेर. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. २००५ मध्ये तो कायदा देशभर झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. कायदा असा तीनदा बोलला. तरी नोंदणी कार्यालयाबाहेर हक्कसोडपत्रावर सही करायला रांगेत उभ्या असलेल्या बहिणी रोज दिसतात, आणि त्यांच्यातल्या किती जणींनी तो कागद वाचलेला असतो?

मोठ्या लढाया आणि घरगुती वाटण्या यांची तुलना कोणाला अतिरेकी वाटेल. मला ती तशी वाटत नाही. राज्य हे तेव्हा घरासारखेच चालत होते. गादी वारसाने, सरदारकी वारसाने, आणि वारस कोण हे आईचे लग्न झाले होते की नव्हते यावर. म्हणूनच एका घरातल्या औरस-अनौरसाच्या प्रश्नाने पाच वर्षांत राजधानी लुटली गेली. आज राज्य मतपेटीने चालते, पण घर अजून त्याच जुन्या नियमाने चालते. ज्या मुलाने लहानपणापासून पाहिले की आत्याने मागितले तेव्हा तिला गप्प केले, तो उद्या सोसायटीत, पालिकेत, पक्षात कोणाचे गाऱ्हाणे ऐकणार? न ऐकण्याचे शिक्षण त्याला घरातच मिळालेले असते.

शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. लोकअदालती भरतात. २०२३ मध्ये मध्यस्थीचा कायदाही आला. ही साधने चांगली आहेत आणि ती वापरली पाहिजेत. माझी विनंती एवढीच आहे की तंटा मिटला या नोंदीबरोबर कोणाच्या पदरात काय पडले, हीही नोंद व्हावी. तडजोडीत बहिणीला काय मिळाले, विधवेला काय मिळाले, हा रकाना प्रत्येक समितीच्या वहीत असावा. जिथे तो रिकामा असेल तिथला तंटा मिटलेला नाही, तो पुढच्या पिढीसाठी राखून ठेवला आहे असे समजावे. समितीत बायका असाव्यात आणि त्यांनी बोलावे. गावातल्या वडीलधाऱ्यांनी निवाडा देताना सगळ्यांत आधी त्या माणसाला बोलू द्यावे ज्याचा आवाज घरात सगळ्यांत कमी आहे, आणि त्याचे पूर्ण ऐकून झाल्यावरच थोरल्याला विचारावे.

२५ ऑक्टोबरला शहाडच्या एखाद्या मंडळाने किंवा कल्याणच्या एखाद्या वाचनालयाने हडपसरच्या लढाईवर बोलणे ठेवावे. त्या दिवशी जयजयकार कोणाचाच नको. विठोजींचे नाव घ्यावे, पुण्यात छळले गेलेल्या गृहस्थांची आठवण काढावी, घाटात उपाशी मेलेल्यांची काढावी, आणि कैदेत वाढलेल्या दोन्ही पोरांची, बाजीरावाची आणि खंडेरावाची. सभेला येणाऱ्यांत होळकरांना मानणारे असावेत, पेशव्यांना मानणारे असावेत, शिंद्यांना मानणारेही असावेत, आणि प्रत्येकाने आपल्या बाजूची चूक आधी सांगावी. मुलांना समोर बसवावे. त्यांनी आपल्या मोठ्यांना चूक कबूल करताना एकदा तरी पाहिलेले असावे.

आणि ती दिवाळी होती, हे विसरू नये. लढाई झाली त्याच आठवड्यात भाऊबीजही होती. यंदाच्या भाऊबीजेला बहीण आली की तिच्यासमोर सातबारा ठेवा आणि तिचे नाव त्यावर आहे की नाही ते दोघांनी मिळून पाहा. नसेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करताना तिला बरोबर न्या. मोजणीच्या दिवशी तिला बांधावर बोलवा. आणि तिने स्वतःच्या मर्जीने हक्क सोडायचे ठरवले असेल, तर सही करण्याआधी तिला तिच्या पसंतीचा वकील करू द्या. त्याची फी घराच्या पैशातून द्या.